पुस्तकासाठी बर्डीवर

दुसरा शनिवार. कलेक्टर कचेरीला सुट्टी, म्हणून महसूल शाखेतल्या तुमच्या टेबलालाही सुट्टी. तारीख 10 मार्च 1979. मंगळवारी होळी आहे. भंडाऱ्यात या दिवसांत पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि दहा वाजले की ऊन चटके देऊ लागतं. तुम्ही उशिरा उठलात. अंगणातल्या बाजेवर बसून दुसरा चहा चाललाय. आई सुपात चिन्नोर निवडतेय. गावाकडून आलेलं ते पोतं उघडलं की आख्ख्या घराला वास येतो. कुणी हाक मारत नाही, कुठली फाइल वाट पाहत नाही. एकच काम मनात धरून तुम्ही उठलात: आज पुस्तक घ्यायचं.

घरात पुस्तकं नाहीत असं नाही. देवघराशेजारच्या कोनाड्यात ज्ञानेश्वरी आहे, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आहे, आणि सातवीत बक्षीस मिळालेलं 'श्यामची आई' आहे, त्याच्या पहिल्या पानावर हेडमास्तरांची सही. बाकी तुम्ही आजवर वाचलेलं सगळं वाचनालयाचं. पंधरा दिवसांनी परत द्यायचं, उशीर झाला तर दंड भरायचा. गेल्या महिन्यात तुम्ही 'मृत्युंजय' वाचलंत. तुमच्या आधी किती जणांच्या हातून ते फिरलं होतं कोण जाणे, कर्णाच्या रथाचं चाक रुतलं त्याच सुमाराची काही पानं सुटी होऊन उलटसुलट लागली होती. तेव्हाच तुम्ही ठरवलंत की एखादं पुस्तक असं असावं, ज्यावर आपलं नाव घालता येईल, समासात पेन्सिलीनं खूण करता येईल आणि जे कुणाला परत द्यायचं नाही. पगारातून थोडे पैसे बाजूला काढून ते त्याच श्यामच्या आईत घालून ठेवलेत. ते खिशात घालून तुम्ही निघता.

वाटेत सार्वजनिक वाचनालयात डोकावल्याशिवाय पाय पुढे जात नाही. लांब टेबलावर नागपूरचा 'तरुण भारत' आणि 'लोकमत' पसरलेले आहेत. दोन पेन्शनर एकाच अंकाची वेगवेगळी पानं वाचताहेत. मुंबईत शरद पवारांचं सरकार आहे, दिल्लीत मोरारजीभाईंचं. बातम्या चाळून तुम्ही बाहेर पडता, खांब तलावावरून येणारा थोडा गार वारा अंगावर घेता आणि गांधी चौकाकडच्या रस्त्याला लागता.

बुक डेपोत शिरल्यावर समोर काय दिसतं? शंभर पानी, दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे. बालभारतीची पुस्तकं. दहावीची गाइडं, परीक्षा तोंडावर आली म्हणून पुढच्या फळीवर आणलेली. शाईच्या दौती, कंपासपेट्या, हजेरीपटाचे छापील कागद. काचेखाली हरिपाठ, आरत्यांची पुस्तकं, पंचांग, सत्यनारायणाची पोथी. कोपऱ्यात दोरीला लटकवलेले 'चांदोबा'चे अंक आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, वापरून मऊ झालेल्या. कादंबरी मागितली की दुकानदार वर बघतात. ते तुम्हाला ओळखतात, दर जूनमध्ये पुतण्यांची पुस्तकं तुम्ही इथूनच नेता.

“बाबूजी, गाइड ठेवलं तं आठ दिवसांत खपते. कादंबरी आनली तं दोन वर्स कपाटात रायते. पैसा अडकून पडते जी. कोनतं पायजे ते सांगा, नागपूरले गेलो का आनतो.”

त्यांचं म्हणणं खरं आहे. शाळेच्या पुस्तकाला गिऱ्हाईक ठरलेलं असतं, वर्ष ठरलेलं असतं, महिनासुद्धा ठरलेला असतो. कवितेच्या पुस्तकाला गिऱ्हाईक कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं? पुण्या-मुंबईचा प्रकाशक छोट्या गावच्या दुकानदाराला उधारीवर माल देत नाही. रोख भरून, पार्सलाचा खर्च सोसून आणलेलं पुस्तक पडून राहिलं तर ते नुकसान या एकट्या माणसाचं. म्हणून साक्षर गावातसुद्धा कादंबरी विकत मिळत नाही. भंडाऱ्याच्या माणसाला वाचनाची आवड नाही असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी सकाळी दहाला वाचनालयाचं टेबल पाहावं.

एक वाट पोस्टाची आहे. पुण्याच्या प्रकाशकाला कार्ड टाकायचं, पंधरा-वीस दिवसांनी पोस्टमन व्ही.पी. घेऊन दारात उभा राहतो, पैसे मोजून घेतो, पुडकं देतो. पण त्यात पुस्तक आधी हातात घेऊन बघता येत नाही. तुम्हाला आज बघायचंय. चाळायचंय, एक ठेवून दुसरं उचलायचंय, वेळ घालवायचाय. सुट्टी त्यासाठीच असते. दुकानदार तुमच्या मनातलं ओळखून सांगतात, “जाऊन या ना मंग बर्डीवर. संध्याकाळलोक वापस.”

स्टँडवर नागपूरची लाल गाडी उभी आहे. साठ-बासष्ट किलोमीटर, मुंबई-कलकत्ता हायवे, रस्ता डांबरी. खिडकीची जागा मिळते. शहापूर जातं, दारूगोळ्याच्या कारखान्याचं जवाहरनगर जातं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या कापून रिकाम्या झालेल्या, कुठे कुठे धुऱ्यावर तुराट्यांचे भारे. मध्येच एखादा पळस. पान एक नाही, सगळा नुसता केशरी. कुणी फुलं तोडून नेताहेत, धुळवडीच्या रंगासाठी. मौदा मागे टाकून गाडी कन्हानच्या पुलावर येते. खाली पाणी कमी, वाळूच जास्त, टरबुजांच्या वाड्या लागलेल्या. ही नदी इथून खाली जाऊन अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. हे लक्षात ठेवा, कारण रात्री तुम्हाला तिथे जायचंय.

गणेशपेठच्या स्टँडवर उतरून सायकल रिक्षा करता. सीताबर्डीला 'सीताबर्डी' कुणी म्हणत नाही, 'बर्डी' म्हणतात. व्हरायटी चौकात आधी तर्रीपोहे खाऊन घ्या, कारण एकदा दुकानात शिरलात की भूक आठवणार नाही.

दुकान अरुंद आहे पण खोल आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं, शिडी भिंतीला टेकवलेली. वरच्या पंख्यानं नव्या कागदाचा आणि खळीचा वास खाली येतो. पहिली पाच मिनिटं तुम्ही काहीच हातात घेत नाही. नुसत्या पाठी वाचत पुढे सरकता. 'बनगरवाडी'. 'स्वामी'. 'ययाती', ज्ञानपीठ मिळाल्यापासून समोरच्या रांगेत. 'कोसला', ज्याच्याबद्दल कॉलेजातल्या मित्रानं अर्धी रात्र वाद घातला होता. 'व्यक्ती आणि वल्ली'. ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता', आणि हा कवी याच शहरात राहतो, याच रस्त्यानं चालतो, हे आठवून तुम्ही उगाच दाराकडे बघता. वाचनालयात ही पुस्तकं खाकी कव्हरात, अंगावर नंबर चिकटवलेली असतात. इथे ती स्वतःच्या मुखपृष्ठात उभी आहेत. 'बनगरवाडी' तुम्ही दोनदा वाचलीय, पण तिचं मुखपृष्ठ आज पहिल्यांदा बघताय.

पुस्तक घ्यायचं तर ते कसं बघायचं, हे शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांकडून शिकून घ्या. ते बोलत नाहीत, नुसतं करतात. आधी पुस्तक टेबलावर उभं धरून कणा सरळ आहे का ते बघतात. मग मधोमध उघडून शिवण बघतात, दोरा दिसतो का. मग अंगठ्यानं सगळी पानं भराभर सोडतात. त्यांची नजर पानाच्या तळाशी आहे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी छापतात, प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या पायथ्याशी बारीक आकडा असतो. तो क्रमानं लागला तर पुस्तक पुरं. एखादा फॉर्म बांधताना गळला किंवा दोनदा लागला, तर घरी जाऊन कळतं, आणि साठ किलोमीटर परत कोण येतो? शेवटी ते एका पानाची मागची बाजू बोटानं चाचपतात. तुम्हीही चाचपा. एकेक खिळा जुळवून, यंत्राखाली दाबून छापलेलं पान आहे ते. अक्षरांनी कागदात केलेले दाब बोटाला लागतात. कुणीतरी खिळे जुळारी या ओळीपाशी उभा होता, त्यानं काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या खणांतून उचलून लावली होती, तीनशे पानं, उलट्या अक्षरांत. पुस्तकाच्या किमतीत त्याची मजुरी आहे, आणि ती फार नाही.

आता निवड. 'मृत्युंजय' उचलता, किंमत बघता आणि ठेवून देता. ते वाचून झालंय आणि त्यातच खिसा रिकामा होईल. टेबलावर एक वेगळंच पुस्तक पडलंय. दया पवारांचं 'बलुतं'. ग्रंथालीनं काढलेलं, दोन-अडीच महिनेच झालेत. ग्रंथाली हा नेहमीचा प्रकाशक नाही, 1974 साली सुरू झालेली वाचकांची चळवळ आहे. आधी सभासद व्हायचं, पैसे आगाऊ भरायचे, म्हणजे पुस्तक स्वस्तात निघतं. तुम्ही उभ्या उभ्याच पहिली पानं वाचता. अशा मराठीत, अशा घराबद्दल कुणी आजवर लिहिलेलं तुमच्या वाचनात नाही. पान उलटता. पुन्हा उलटता. दुकानदार काही म्हणत नाही. चांगला दुकानदार अशा वेळी तोंड दुसरीकडे करून हिशोब लिहीत बसतो. हे पुस्तक ठरलं.

आणि दुसरं? दुसरं तुम्ही मागायलाच आला होतात, पण नाव घ्यायला संकोच वाटत होता, कारण ते पंडितांचं पुस्तक आहे. पेपरात वाचलं होतं: डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र', महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1978 साली प्रसिद्ध केलेलं. सरकारी ग्रंथागारात मिळालं असतं, पण त्यालाही आज तुमच्यासारखीच दुसऱ्या शनिवारची सुट्टी. दुकानदार शिडी चढतो आणि एक जाडजूड ग्रंथ खाली देतो. “कोलते सरांचं ना? एकच आहे.”

हे पुस्तक टेबलावर ठेवून सूची उघडा. गावांच्या नावांत बोट फिरवा. भ. भंडारा.

तुमचं बोट तिथेच थांबतं. कथांमध्ये पुणं येतं, मुंबई येते, कोकण येतं, माण देश येतो. तुमचं गाव एकाही पुस्तकात तुम्हाला भेटलेलं नव्हतं. शाळेच्या भूगोलात धान, मँगनीज, पितळेची भांडी एवढ्यापुरतं यायचं. आणि इथे, मराठी गद्याच्या आरंभाच्या या ग्रंथात, चक्रधरस्वामी एकटे फिरत फिरत भंडाऱ्याला येतात. इथला एक ब्राह्मण, नीळभट, त्यांच्या मागे निघतो. गाव सोडतो. पुढे सगळे त्याला गावाच्याच नावानं ओळखतात, भांडारेकार म्हणून. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी भंडाऱ्याचं नाव आडनावासारखं अंगावर वागवत महाराष्ट्रभर फिरत होतं, आणि ते तुम्हाला कळलं ते नागपुरात, बर्डीच्या एका दुकानात, शिडीच्या पायथ्याशी उभं राहून.

हा ग्रंथ तुमच्या हातात येईपर्यंतचा प्रवास साधा नाही. म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यात, तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, माणसांना विचारून विचारून. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असं परंपरा सांगते, त्यांच्या महानुभाव पंथातल्या लोकांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. नंतरच्या काळात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्या पिढीनं त्या लिप्यांची उकल केली. मग ह. ना. नेने यांनी 1930च्या दशकात इथून, नागपुरातूनच, लीळाचरित्राचे भाग छापायला सुरुवात केली. आणि आता कोलत्यांनी पोथ्या ताडून पाहून ही आवृत्ती केली. इतक्या हातांनी जपलेलं पुस्तक. तुम्ही पैसे मोजता. दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून मिळतात. परतीच्या तिकिटाचे पैसे उरलेत, चहाचेही.

वाटेत बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसलेला माणूस दिसतो. तिथे घेणार काही नाही म्हणत उकिडवे बसता, आणि गाडी चुकते. पुढची तासाभरानं.

त्या पुढच्या गाडीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. ते शहापूरला उतरणार. पुडक्याचं एक टोक उघडून तुम्ही 'बलुतं' वाचायला काढलंय, ते मुखपृष्ठाकडे बघताहेत.

“काय पुस्तक आहे जी?”

“एका माणसाची जीवनकहाणी आहे बाबाजी. दया पवार म्हणून आहेत.”

“आपल्यातले?”

तुम्ही हो म्हणता. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघतात आणि मग स्वतःहून बोलू लागतात. 1954 सालची पोटनिवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते. मे महिना, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि हे बाबाजी तरुण पोरं घेऊन गावोगाव फिरत होते. बाबासाहेबांची प्रकृती ठीक नव्हती तरी ते सभांना आले. “आमी डोळ्यानं पायलं त्याईले. पन निवडून नाई देल्लं जिल्ह्यानं.” एवढं बोलून म्हातारबा गप्प होतात. त्या एका वाक्यातलं दुःख पंचवीस वर्षांत कमी झालेलं नाही.

मग ते सांगतात की 1956 साली ते दीक्षाभूमीवर होते, आणि तेव्हापासून दरवर्षी जातात. येताना एक पुस्तक घेऊन येतात. स्वतःला जोडाक्षर अडखळत वाचता येतं, पण नात आठवीत आहे, ती संध्याकाळी वाचून दाखवते. घरी एक पेटी भरलीय. मुंबईत राजगृह बांधताना ज्यानं आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, न्यूयॉर्कला शिकताना पोटाला चिमटा घेऊन सुमारे 2000 जुनी पुस्तकं घेतली, त्या माणसाला आपण काय देणार, तर निदान पुस्तक घेत राहू, असं त्यांच्या बोलण्यातून कळतं. भंडारा जिल्ह्यात पुस्तकं कोण विकत घेतं, असं यापुढे कुणी विचारलं तर या पेटीची आठवण ठेवा. दुकानांच्या हिशोबात ती कधीच येत नाही. दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि खेड्यापाड्यांतली, हातावर पोट असलेली माणसं तिथे पुस्तकं घेतात. महाराष्ट्रात एवढी मनापासून केलेली पुस्तकखरेदी दुसरीकडे मला माहीत नाही.

“वाचून दाखव ना जरा,” बाबाजी म्हणतात. तुम्ही शहापूर येईपर्यंत वाचता. पुढच्या बाकावरची दोन माणसंही मान वळवून ऐकतात. उतरताना ते पुस्तकाचं नाव पुन्हा विचारून घेतात आणि पुटपुटत पाठ करत खाली उतरतात.

रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली लीळाचरित्र उघडा. भाषा अवघड वाटते, पण मोठ्यानं वाचली की सोपी होते. काही शब्द तर आजीच्या तोंडचे. वाचता वाचता मागे चला. 1954 मागे टाका, इंग्रज मागे टाका, भोसले मागे टाका. शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 च्या आसपास थांबा.

तुम्ही अंभोऱ्याला उभे आहात, टेकडीच्या पायथ्याशी. सकाळी पुलावरून पाहिलेली कन्हान इथे वैनगंगेत शिरते, आणखीही नद्या येऊन मिळतात, पाच नद्यांचा संगम म्हणतात याला. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथे लिहिला असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आंबेजोगाईचे लोकही तोच मान आपल्या गावाला देतात आणि अभ्यासकांचा वाद संपलेला नाही. वाद असू द्या. तुम्हाला पुस्तक हवंय.

इथे दुकान नाही. पुस्तक विकत घेणं म्हणजे काय, हे इथे कुणाला कळणार नाही. ज्याच्याजवळ पोथी आहे त्याचा विश्वास मिळवा. मग तो सांगेल, बैस आणि उतरून घे. बोरू तासा, काजळीची शाई घोटा. मांडी घालून, पाट पुढे घेऊन लिहायला लागा. शब्दांत जागा सोडलेली नाही, ओळ सलग आहे, एक अक्षर चुकलं की अर्थ बदलतो. पहिल्या दिवशी बोटं दुखतात, चौथ्या दिवशी पाठ धरते. नकलणारे पोथीच्या शेवटी दोन शब्द स्वतःचे लिहून ठेवत: मान, कंबर, पाठ मोडून लिहिलंय, तेव्हा हे पाण्यापासून, तेलापासून जपा, सैल बांधू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. आता हे वाक्य तुम्हाला अंगानं कळतं. महिन्याभरानं पोथी पुरी होते. तिचा एक शब्दही न वाचता राहिलेला नाही, कारण प्रत्येक शब्द तुम्हीच लिहिलाय. फडक्यात बांधून ती घरी न्या.

आता एकदम पुढे या, आजच्या शनिवारात.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, दुसऱ्या शनिवारची वाट बघायला नको. नागपूरचा रस्ता रुंद झालाय. अंभोऱ्याला वैनगंगेवर मोठा केबल-स्टेड पूल उभा आहे, लोक सुट्टीच्या दिवशी तो बघायला जातात. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यात नवेगावबांध तिकडे गेलं. पुस्तक हवं असेल तर बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलवर नाव टाका, तीन-चार दिवसांत कुरिअरवाला साकोलीला, लाखांदूरला, पवनीला दारात आणून देतो. 1979 च्या त्या कारकुनाला हे सांगितलं असतं तर त्यानं हात जोडले असते. मी या सोयीला नावं ठेवणार नाही. खेड्यातल्या मुलीला हवं ते पुस्तक घरपोच मिळतं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मोबाइलवर तेच मिळतं ज्याचं नाव आधीच माहीत असतं. सूचीत बोट फिरवताना आपलं गाव सापडावं, हे तिथे घडत नाही. त्यासाठी पुस्तकांच्या पुढ्यात रिकामा वेळ घेऊन उभं राहावं लागतं. आणि भंडाऱ्याच्या वाचकाला सापडण्यासारखं आता पुष्कळ आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या भागातल्या जंगलात राहिले, इथल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं शिकले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहून गेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द वेचून त्यांचा कोश केला. जी बोली बोलल्याबद्दल शाळेत पोरांना हसायचे, तिची साहित्य संमेलनं भरतात, तिच्यात कविता छापल्या जातात. ही पुस्तकं लहान प्रकाशनांची असतात, थोड्या प्रती निघतात, एकदा संपली की पुन्हा निघतीलच असं नाही.

1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे जिल्ह्यातल्या गावोगावी वाचनालयांना अनुदान मिळतं. त्यांची खरेदी मात्र बऱ्याचदा यादी करून एकगठ्ठा होते. वाचकानं मागितलेलं पुस्तक त्या यादीत यायला हवं, आणि ते वाचकानं मागितलं तरच येतं. भंडाऱ्याला दरवर्षी जिल्हा ग्रंथोत्सव भरतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुलं लेझीम खेळतात, भाषणं होतात, आणि बाजूच्या मांडवात स्टॉल लागतात. भाषणाला गर्दी असते. स्टॉलवर मुलं पुस्तकं उघडून वाचत उभी असतात, आणि त्यांचे मास्तर त्यांना रांगेत परत बोलावत असतात. त्यांना बोलावू नका. दहा मिनिटं तिथेच राहू द्या.

आणि तुम्ही, ज्यांच्या हाताशी यंदा एखादा मोकळा शनिवार आहे, एवढं करा. ग्रंथोत्सवात जा, किंवा आपल्या गावच्या बुक डेपोत जा. एक पुस्तक स्वतःच्या पैशानं घ्या, आणि घेताना शिवण बघा, फॉर्म पुरे आहेत का बघा. हवं ते मिळालं नाही तर गप्प परत येऊ नका. पुस्तकाचं, लेखकाचं, प्रकाशनाचं नाव दुकानदाराला लिहून द्या, आगाऊ थोडे पैसे द्या, आणि पुस्तक आलं की पहिल्याच दिवशी जाऊन घ्या. मागणाऱ्यानं पाठ फिरवली नाही, एवढं एकदा दिसलं की दुकानदार दुसरी प्रत स्वतःहून मागवतो.